ओट्यावर काय ठेवावे, भिंतीत काय घालावे

प्रश्न : आम्ही कोथरूडला २२ वर्षांपूर्वी घेतलेल्या सदनिकेत राहतो. घरात आम्ही दोघे आणि ८० वर्षांच्या सासूबाई. मुलगा-सून सुट्टीत येतात. भांडी घासायला येणाऱ्या मावशी आठवड्यातून एखाद-दोन दिवस येत नाहीत. वर्षातून तीन-चार केक आणि एकदा नानकटाई होते. दिवाळीनंतर १० बाय ८ फुटांचे स्वयंपाकघर पूर्ण नव्याने करायचे ठरले आहे. एकूण अंदाज ९ लाखांचा असून त्यात डिझायनरने ४ लाख ६० हजारांचे परदेशी उपकरणांचे पॅकेज धरले आहे : भिंतीत बसणारा ओव्हन, चार भांड्यांचा इंडक्शन हॉब (ओट्यात बसणारी विजेची शेगडी), ताशी १५०० घनमीटर हवा ओढण्याच्या क्षमतेची चिमणी, डिशवॉशर आणि कपाटात बसणारा फ्रिज. यजमान म्हणतात, काम एकदाच होते, तेव्हा उत्तमच घेऊन टाकू; उद्या घर विकले तरी पैसे वसूल होतील. मला एवढी रक्कम यंत्रांत घालणे पटत नाही आणि हात आखडता घेतला तर पुढे पस्तावू अशीही धास्ती वाटते. त्यांना कसे समजवावे? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : काम एकदाच होते, हे तुमच्या यजमानांचे म्हणणे खरे आहे, फक्त ते यंत्रांना लागू नाही, भिंतींना लागू आहे. फ्रिज पाच वर्षांनी बदलता येतो, डिशवॉशर पुढच्या वर्षी घेता येतो, ओव्हन कधीच घेतला नाही तरी काही अडत नाही. पण टाइल्स लावून झाल्यावर भिंतीतून जाड वायर ओढायची, सिंकखाली दुसरा नळ आणि सांडपाण्याचा जोड काढायचा किंवा चिमणीच्या नळीसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचे म्हटले, की केलेले काम फोडावे लागते. म्हणून ९ लाखांतला जो पैसा यंत्रांच्या चकाकीवर जाणार आहे, त्यातला थोडा आधी भिंतीच्या आत घाला, असे मी सुचवेन. तिथे केलेला खर्च कोणाला दिसत नाही, त्यामुळे कोटेशनमध्ये सर्वांत आधी कात्री त्यालाच लागते.

२२ वर्षांपूर्वीच्या इमारतीत स्वयंपाकघराला बहुधा मिक्सर, फ्रिज आणि फार तर गीझर एवढाच भार गृहीत धरलेला असतो. तुमच्या यादीतला इंडक्शन हॉब पाहा. चार भांड्यांचे असे हॉब साधारण ७,२०० वॉटचे असतात, म्हणजे सगळे एकदम चालू केले तर २३० व्होल्टला ३१ अँपिअर वीज ओढतात. त्यासाठी मीटरच्या पेटीपासून ६ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारे बटण) लागतो, शिवाय महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. ओव्हन आणि डिशवॉशर यांना प्रत्येकी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर हवी. या सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवलेला असावा, कारण ओट्याजवळ पाणी आणि वीज हाताच्या अंतरावर असतात. डिझायनरच्या कोटेशनमध्ये यातले काय धरले आहे ते शोधा. ‘इलेक्ट्रिकल काम’ एवढी एकच ओळ आणि तिच्यापुढे ढोबळ रक्कम दिसली, तर वायरची जाडी आणि पॉइंटची संख्या लिहून मागा.

आता एकेक यंत्र घेऊ, आणि चिमणीपासून सुरुवात करू, कारण फोडणीच्या घरात रोज दोन वेळा चालणारे आणि सर्वांत जास्त गैरसमजातून विकत घेतले जाणारे यंत्र तेच आहे. तुमच्या स्वयंपाकघराची उंची साडेनऊ फूट धरली तर आतली हवा सुमारे साडेएकवीस घनमीटर भरते. तळणीचा आणि फोडणीचा धूर लक्षात घेऊन ती तासाला वीस वेळा बदलायची म्हटली तरी ताशी ४३० घनमीटर पुरतात. मग १५०० हा आकडा येतो कुठून? ही क्षमता सहसा यंत्राला नळी न जोडता, मोकळ्यावर मोजलेली असते. नळी जोडली, तिला वळणे दिली, की ती झपाट्याने घटते. शिवाय ६ इंची नळीतून ताशी १००० घनमीटर हवा खरोखरच न्यायची झाली, तर तिला सेकंदाला १५-१६ मीटर वेगाने पळावे लागेल, आणि त्या वेगाचा आवाज स्वयंपाकघरात उभे राहून कोणी सहन करणार नाही. मग चिमणी एक नंबरवरच चालवली जाते आणि वरच्या क्षमतेला मोजलेले पैसे वापरलेच जात नाहीत.

ज्या घरांत "इतकी महागडी चिमणी घेऊनही वास हॉलमध्ये येतो" अशी तक्रार असते, तिथे मी आधी माळ्यावर डोकावते. बहुतेक वेळा नळी चिमणीतून वर निघते, माळ्याखालून आडवी जाते, तुळई आडवी आली म्हणून खाली वळते आणि मग ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात बाहेर पडते : तीन काटकोन, त्यात ६ इंचांची नळी मध्येच ५ इंचांवर आणलेली, आणि सुरकुत्या पडलेल्या ॲल्युमिनियमच्या लवचीक नळीत तेलाचा तपकिरी थर. अशा मार्गावर कुठल्याही देशाची मोटर हरते. तुमच्या घरात शेगडीची जागा बाहेरच्या भिंतीला लागून घेता येईल का, हे डिझायनरला विचारा. नळी आतून गुळगुळीत, ६ इंचीच, शक्यतो एकाच वळणाची असावी, आणि चिमणी शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंचांवर बसवावी. स्वयंपाकघराला हवा आत यायलाही वाट हवी. खिडकी आणि दार दोन्ही बंद करून चिमणी लावली तर ती ओढणार तरी काय? एवढे जमले, तर २० ते ३० हजारांची, शेगडीइतकीच किंवा तिच्याहून थोडी रुंद चिमणी तुमच्या दहा बाय आठच्या खोलीला पुरून उरेल.

शेगडीच्या बाबतीत मी तुमच्या डिझायनरशी सरळ असहमत आहे. इंडक्शन हे चांगले तंत्र आहे. भांडे लवकर तापते, खोली तापत नाही आणि ओटा पुसायला सोपा जातो. पण तुमच्या मांडणीवरच्या भांड्यांना एकदा लोहचुंबक लावून बघा. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळेचे पातेले, तांब्याच्या तळाची जुनी भांडी यांना तो चिकटणार नाही, आणि जिथे चुंबक चिकटत नाही ते भांडे सामान्यतः इंडक्शनवर तापत नाही. म्हणजे हॉबच्या किमतीत नव्या भांड्यांची किंमत मिळवावी लागेल. शिवाय भरताचे वांगे, विस्तवावर फुगणारी भाकरी आणि भाजलेला पापड यांना ज्योतच लागते. भाकरी तव्यावर फडक्याने दाबून फुगवता येते हे खरे, पण सासूबाईंना ते पसंत पडेल असे मला वाटत नाही. वीज गेली की चारही जागा एकदम बंद पडतात, हेही आहेच. गॅसची शेगडी ठेवा, जवळ १६ अँपिअरचा एक पॉइंट घ्या आणि हवा तर त्यावर २,००० वॉटचा सुटा इंडक्शन ठेवा. दूध, चहा, वरणाचा कुकर एवढे त्यावर निघते आणि आवडला नाही तर तो कपाटात जातो.

गॅसची शेगडी घेताना मात्र एका ठिकाणी काटकसर करू नका. काही मॉडेलमध्ये ज्योत वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने विझली, तर गॅस आपोआप बंद करणारी सोय असते. घरात ८० वर्षांच्या बाई दुपारी एकट्या चहा करत असतील, तर त्या सोयीसाठी चार-पाच हजार जास्त गेले तरी जाऊ द्या. संपूर्ण यादीत एवढा रास्त खर्च दुसरा नाही. पाइपगॅस असेल तर शेगडीला त्याचेच जेट (बर्नरला गॅस सोडणारे बारीक छिद्र) बसवून घ्या, कारण सिलिंडरचा गॅस सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो आणि पाइपचा २१ मिलिबारने. एकाचे जेट दुसऱ्याला लावले की ज्योत नीट लागत नाही. चार बर्नरची ६० सेंटिमीटर रुंदीची शेगडी घेण्यापेक्षा तीन बर्नरची मोठी घ्या, म्हणजे कढई आणि कुकर एकमेकांना न टेकता शेजारी बसतील.

ओट्यात कापून बसवायचा हॉब की वर ठेवायची शेगडी, हा प्रश्न लोक दिसण्यावरून सोडवतात. तो उंचीवरून सोडवावा. ३४ इंचांच्या ओट्यावर शेगडी ठेवली की भांडे आणखी चार-पाच इंच वर जाते, आणि ठेंगण्या बाईला कुकरमध्ये डोकावायला टाचा उंचवाव्या लागतात. कापून बसवलेला हॉब तेवढा खाली येतो, हा त्याचा खरा फायदा. तोटा असा, की ग्रॅनाइट कापण्याचे माप प्रत्येक कंपनीचे, कधी कधी प्रत्येक मॉडेलचे, वेगळे असते. दहा वर्षांनी काच फुटली आणि ते मॉडेल बंद झालेले असले, तर नवा हॉब जुन्या भोकात बसेलच असे नाही. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. म्हणून हॉब घेतलाच तर कापाचे माप लहान असलेला निवडा.

डिशवॉशरबद्दल तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, भांडी घासायला येणाऱ्या मावशी आठवड्यातून एखाद-दोन दिवस येत नाहीत. हे यंत्र घेण्याचे कारण एवढेच असेल तर ते रोज चालेल का, याचा आधी विचार करा. तिघांच्या घरात १२ ते १४ सेटचे (एक सेट म्हणजे एका माणसाची जेवणाची भांडी) यंत्र दिवसातून एकदा भरते, आणि त्यात स्टीलची ताटे, वाट्या, पेले, कप, स्टीलची कढई उत्तम निघतात. लोखंडी तवा, पितळ, ॲल्युमिनियम, लाकडी पोळपाट हाताने घासावे लागतात. ॲल्युमिनियमचे झाकण चुकून आत गेले तर ते काळे पडून बाहेर येते. एका वेळेला साधारण १० लिटर पाणी आणि १ युनिटच्या आसपास वीज जाते, म्हणजे तो खर्च भिण्यासारखा नाही. उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल, तर ते जड, म्हणजे क्षारांचे, असते आणि त्यासाठी यंत्रात खास मीठ घालत राहावे लागते; ते टाळले की काचेवर पांढरी पुटे चढतात. हे मीठ घरातल्या डब्यातले नव्हे, ते वेगळे मिळते.

इथे महागड्या आणि मध्यम यंत्रांत फरक आहे, पण तो भांडी घासण्यात फारसा नाही. जास्त पैशांत मिळतात त्या गोष्टी म्हणजे कमी आवाज, चमच्यांसाठी तिसरा कप्पा आणि भांडी चांगली वाळवण्याची सोय. बॉश आणि सिमेन्स या दोन नावांची घरगुती यंत्रे एकाच उद्योगसमूहाची आहेत, आणि गागेनाउ हे त्याहून बरेच महाग नावही त्याच घरचे. तेव्हा नावामागे किती यंत्र आणि किती नाव, हे विक्रेत्याला अवश्य विचारा. स्वयंपाकघर हॉलला उघडे असेल आणि रात्री अकरानंतर यंत्र लावायचे असेल तर कमी आवाजाला पैसे देणे योग्य. तुमचे स्वयंपाकघर बंद खोलीचे आहे, तुम्हाला ४० ते ५० हजारांचे पुरेल. सप्टेंबर २०२५ मध्ये डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनमध्ये कर कोणत्या दराने धरला आहे तेही पाहा.

एक बारकावा सुताराला आजच सांगा. सुटा डिशवॉशर सुमारे ८५ सेंटिमीटर उंच असतो. ३४ इंचांचा ओटा म्हणजे ८६ सेंटिमीटर, आणि त्यातून ग्रॅनाइट व खालचा कडप्पा यांची जाडी वजा केली की खाली ८० च्या आसपास जागा उरते. सासूबाईंसाठी ओटा बुटका ठेवायचा आणि त्याच्याखाली डिशवॉशरही घालायचा, ही दोन कामे एकत्र होत नाहीत. ड्राय बाल्कनीत जागा असेल तर यंत्र तिकडे न्यावे, हे बरे. तुम्ही ते यंदा घेतले नाही, तरी पाण्याचा नळ, सांडपाण्याचा जोड आणि वीज मात्र आत्ताच काढून ठेवा.

भिंतीतल्या ओव्हनबद्दल फार लिहीत नाही. वर्षातून तीन-चार केक आणि एकदा नानकटाई, असे तुम्हीच म्हटले आहे. त्याला १० हजारांच्या आतबाहेरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा ओव्हन, भरपूर झाला. दर आठवड्याला पाव भाजणाऱ्या घरात ६०-७० लिटरचा ओव्हन सार्थकी लागतो. इतर घरांत त्यात तवे आणि रिकामे डबे राहतात. सून बेकिंग करणारी असेल आणि पुढे इकडे राहायला येणार असेल, तर उंच कपाटात ६० सेंटिमीटरचा एक कप्पा आणि मागे १६ अँपिअरचा पॉइंट ठेवा. या ओव्हनची मापे बहुतेक कंपन्यांची सारखी असतात, त्यामुळे हॉबसारखी अडचण इथे येत नाही.

कपाटात बसणारा फ्रिज मात्र घेऊच नका. त्याच क्षमतेच्या सुट्या फ्रिजच्या तो कितीतरी पट महाग पडतो, आत जागा कमी देतो, आणि बिघडला की त्याच मापाचा दुसरा शोधत हिंडावे लागते. ३०० ते ३५० लिटरचा सुटा फ्रिज घ्या, त्याच्या मागे-बाजूला कंपनी सांगते तेवढी हवा खेळू द्या आणि ताऱ्यांच्या लेबलवर फक्त तारे न मोजता वर्षाला किती युनिट लागतात आणि ते लेबल कोणत्या वर्षांसाठी आहे ते वाचा. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्यावरचे पाच तारे एकसारखे नसतात.

असे सगळे धरले तर चिमणी, शेगडी, डिशवॉशर, फ्रिज आणि ओटीजी मिळून दीड ते पावणेदोन लाखांत बसतात. उरलेल्या सुमारे तीन लाखांतून वायरिंग, नळकाम आणि सिंकखालच्या कपाटांसाठी पाण्यात टिकणारे, आयएस ७१० या भारतीय मानकाचे प्लायवूड यांना हात सैल सोडा. त्यानंतरही बरीच रक्कम वाचेल.

घर विकताना वसूल होण्याची गोष्ट मनातून काढून टाका. पुण्यात जुनी सदनिका चौरस फुटांवर, रस्त्यावर, पार्किंगवर आणि पुनर्विकासाच्या शक्यतेवर विकली जाते. येणारा माणूस पहिल्या महिन्यात स्वयंपाकघर फोडतो आणि तुमचा ओव्हन वॉचमनला देऊन टाकतो. तुमची इमारत २२ वर्षांची आहे, तेव्हा पुनर्विकासाची कुजबुज सोसायटीत आजच सुरू आहे का, हेही पाहा. असेल तर भिंतीत जखडलेल्या यंत्रांपेक्षा उचलून नेता येणारी यंत्रे केव्हाही बरी.

हौसेला मोल नसते, हे मलाही मान्य आहे. पण ती हौस कोणाची आहे हे ठरवून घ्या. यजमान रविवारी स्वतः ओट्याशी उभे राहत असतील आणि त्यांना एखादी महागडी गोष्ट हवीच असेल, तर एक घ्या, जी रोज हाताला लागेल. हौस डिझायनरची असेल, तर त्याची किंमत तुम्ही का मोजावी? उपकरणांच्या दुकानांकडून डिझायनरना टक्केवारी मिळते, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. त्यात लपवाछपवी असतेच असे नाही, पण तुमच्या पॅकेजमध्ये ती किती आहे हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

यजमानांना समजावण्याचे म्हणाल, तर वाद घालू नका, त्यांनाच दोन कामे सांगा. पहिले, पॅकेजमधल्या प्रत्येक यंत्राच्या पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला, दुकानाला नव्हे, फोन करून विचारायचे की हमी संपल्यावर इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलायला किती पैसे आणि किती दिवस लागतात. भाग परदेशातून येणार असेल, तर हा आकडा ऐकून पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. ग्राहक व्यवहार विभागाचे ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे. ज्या कंपनीने दुरुस्तीची माहिती तिथे दिली आहे, तिच्याकडे झुकते माप द्यायला हरकत नाही.

दुसरे, पॅकेजची एकत्र पावती नाकारून प्रत्येक यंत्राची मॉडेल आणि अनुक्रमांकासह वेगळी पावती मागायची, आणि माल ओटा-कपाटे पूर्ण झाल्यावरच घरी आणायचा. हमी सहसा पावतीच्या तारखेपासून मोजली जाते, यंत्र चालू झाल्यापासून नव्हे. काम दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चपर्यंत लांबले, तर हमीचे चार महिने खोक्यातच संपतात. सुताराला मापे आज लागतील, ती मॉडेलच्या माहितीपत्रकावरून देता येतात. त्यासाठी पूर्ण रक्कम आधी भरायची गरज नाही.